गॅरंड ठेवायची की बदलायची? इटलीच्या बीएम ५९ रायफलीचे प्रकरण

गॅरंड या जुन्या अमेरिकी रायफलीत काडतुसे भरण्याची रीत हाताला शिकवावी लागते. उजव्या तळव्याच्या कडेने बोल्टची, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाची, मूठ मागे रेटून धरायची, त्याच हाताच्या अंगठ्याने आठ काडतुसांची पोलादी क्लिप वरून आत दाबायची आणि ती खटकन बसताच अंगठा काढून घ्यायचा. क्लिप बसली की बोल्ट मोकळा होतो आणि वरचे काडतूस ढकलत पुढे जातो. अंगठा जरा जास्त रेंगाळला तर तो मध्येच सापडतो. हे इतक्या जणांच्या बाबतीत झाले की अमेरिकी सैन्यात त्या काळ्यानिळ्या नखाला रायफलीचेच नाव पडले, 'एम वन थंब' (एम वन हे गॅरंडचे लष्करी नाव). पुढे आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप टिंग असा आवाज करत वर उडते, बोल्ट मागे उघडा राहतो आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

या रायफलीचे मोठे दुखणे या आठ काडतुसांत आणि या क्लिपमध्येच होते. बाकीचे शरीर ठणठणीत होते. इटलीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस जो निर्णय घेतला तो या एका निदानावर उभा आहे, म्हणून हे प्रकरण मला फार मोलाचे वाटते. जुनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल सुधारावी की मोडीत काढून नवी घ्यावी, हा प्रश्न त्या काळात बऱ्याच सैन्यांपुढे आला. बहुतेकांनी नवी घेतली. इटलीने जुनीच पुन्हा कारखान्यात नेली, आणि तिच्यातून जी रायफल निघाली ती पुढची तीस वर्षे सैनिकांच्या खांद्यावर राहिली.

हाती काय होते

जॉन गॅरंड यांचा जन्म १८८८ चा, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला. पुढे ते अमेरिकेच्या सरकारी स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात नोकरीला लागले आणि कित्येक वर्षे एकाच प्रश्नाशी झुंजत राहिले: प्रत्येक गोळीनंतर सैनिकाला हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागतो, ते काम रायफलीने स्वतः कसे करावे? त्यांचे उत्तर असे. गोळी नळीच्या तोंडाशी पोहोचते तेव्हा तिच्यामागच्या तापलेल्या वायूचा थोडासा भाग एका बारीक छिद्रातून खाली उतरतो आणि एका दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्याचा लांब दांडा बोल्टला फिरवून उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग सगळे पुन्हा पुढे ढकलते आणि नवे काडतूस चेंबरमध्ये बसते. चाप दर वेळी नव्याने ओढावा लागतो, म्हणून ती सेमी-ऑटोमॅटिक. १९३६ साली अमेरिकेने ही रायफल स्वीकारली. दुसरे महायुद्ध आणि कोरियाचे युद्ध धरून ५० लाखांहून अधिक नग बनले.

आता आठ काडतुसांची गोष्ट. ती समजल्याशिवाय पुढचा निर्णय उमगत नाही. गॅरंड यांनी ही रायफल आधी .२७६ या लहान काडतुसासाठी घडवली होती आणि तिच्यात दहा काडतुसे मावत. १९३२ मध्ये सेनाप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी काडतूस बदलायला नकार दिला. गोदामांत .३० चा प्रचंड साठा पडून होता आणि सैन्याच्या मशीनगनही तेच काडतूस खात होत्या. रायफल पुन्हा .३० साठी बेतली गेली आणि दहाची आठ झाली. शिवाय सैन्याला खालून बाहेर डोकावणारे, काढता येणारे मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा डबा, नकोच होते. ते हरवेल, त्यातून माती आत जाईल, कवायतीत आड येईल, असे तेव्हाचे म्हणणे. म्हणजे रायफलीचा जो दोष पुढे सगळ्यांना खुपला तो तिच्या कर्त्याच्या हातून झालेला नव्हता. गिऱ्हाइकाने तो मागून घेतला होता. जुन्या यंत्राचा दोष तपासताना हा फरक मला कळीचा वाटतो. मूळ रचनेत चूक असेल तर तिच्यावर ठिगळ लावून भागत नाही. अट म्हणून लादलेली उणीव मात्र अट गेली की काढून टाकता येते.

खुद्द गॅरंड यांनाही हे ठाऊक होते. १९४४ मध्ये सुरू झालेल्या टी २० या प्रयोगात त्यांनी आपल्याच रायफलीला वीस काडतुसांचे, काढता येणारे मॅगझिन बसवून पाहिले. युद्ध संपले आणि ते काम तिथेच थांबले, पण रस्ता आखला गेला होता.

इटलीकडे महायुद्धानंतर जुन्या कारकानो रायफली होत्या, ज्यांचा बोल्ट हाताने चालवावा लागे. १९४९ मध्ये इटली नाटोचा संस्थापक सदस्य झाला आणि अमेरिकी मदतीतून गॅरंड येऊ लागल्या. मग परवाना घेऊन त्या देशातच बनू लागल्या, बेरेटा या शस्त्रकंपनीकडे आणि ब्रेडा या दुसऱ्या कंपनीकडेही. त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री अमेरिकेतून आली, युद्धकाळात विंचेस्टरच्या कारखान्यात याच रायफलीसाठी वापरलेली. बेरेटाचे गाव गार्दोने व्हाल ट्रॉम्पिया, ब्रेशा शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या खोऱ्यातले. व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या पुरवल्याची त्यांची नोंद १५२६ ची आहे. नळी घडवणे हा त्या खोऱ्याचा पिढीजात धंदा. थोडक्यात, १९५० च्या दशकाच्या मध्यावर इटलीपाशी गॅरंडचा साठा होता, ती बनवणारी यंत्रे होती, त्या यंत्रांवर हात बसलेले कारागीर होते, तिची मापे घेणारी गेजे होती आणि ती उघडून जोडता येणारे आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारे कारागीर, पलटणीपलटणीत होते.

प्रश्न कुठून आला

१९५४ च्या सुमारास नाटोने एक समान काडतूस ठरवले, ७.६२ बाय ५१ मिलिमीटर. गॅरंडचे जुने काडतूस ७.६२ बाय ६३. पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा. जाडी तीच, पुंगळी १२ मिलिमीटरने आखूड. दारू सुधारली होती, त्यामुळे कमी जागेत तेवढेच काम होऊ लागले: साधारण साडेनऊ ते दहा ग्रॅमची गोळी, सेकंदाला साडेआठशे मीटरच्या आसपास वेग.

समान काडतूस मान्य केले म्हणजे इटलीची प्रत्येक गॅरंड उद्याच्या युद्धात परकी ठरली. शेजारच्या पलटणीची पेटी उघडून आपल्या रायफलीत भरता येणार नाही, अशी स्थिती. त्यात आठऐवजी वीस काडतुसांचे मॅगझिन असलेल्या रायफली समोर दिसू लागल्या होत्या. बेल्जियमची एफएएल सर्वांत पुढे होती. ब्रिटनने ती घेतली, पश्चिम जर्मनीनेही आधी तीच घेतली आणि मग १९५९ मध्ये जी ३ या रायफलीकडे वळली. आपल्याकडे लष्करात आणि पोलिसांत वर्षानुवर्षे दिसलेली एसएलआर याच एफएएलच्या कुळातली, त्यामुळे तिचा आकार मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे चटकन येईल.

इटलीपुढे मग तीन वाटा होत्या. एफएएलसारखी तयार नवी रायफल घ्यायची. अमेरिका गॅरंडचा जो नवा अवतार घडवत होती त्याची वाट पाहायची. किंवा हाती असलेली गॅरंड स्वतः सुधारायची. चौथी वाट, म्हणजे काहीच न करणे, काडतुसाने बंद केली होती.

धातू काढता येतो, भरता येत नाही

इथे कामाच्या टेबलाशी थांबायला हवे, कारण सुधारणेचा निर्णय कागदावर होत असला तरी खरा-खोटा ठरतो तो इथे.

दोन्ही काडतुसांच्या बुडाचा व्यास सारखाच, सुमारे १२ मिलिमीटर. बोल्टचे तोंड, पुंगळी ओढणारा आकडा, फायरिंग पिन यांना काडतूस बदलल्याचे कळतही नाही. ते बूड पकडतात आणि बूड तेच आहे. दाब पेलणारे बोल्टचे दोन कान, ते ज्यात अडकतात तो रिसीव्हर (रायफलीचा मधला सांगाडा), चापाची जुळणी, सगळे तसेच चालते. इतका मोठा बदल आणि यंत्राच्या गाभ्याला धक्का नाही, असे क्वचितच जमून येते.

अडचण नळीत आहे. चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला पुंगळीच्या मापाने कोरलेली पोकळी. जुनी पोकळी लांब आहे, नवी पुंगळी आखूड. पोकळी मोठी करायची असती तर रीमर हे भोक रुंदावणारे अवजार फिरवून काम झाले असते. ती लहान करायची आहे, आणि कोरलेला धातू परत आणता येत नाही. मग दोनच उपाय उरतात: आत काहीतरी भरा, नाहीतर नळीच बदला किंवा मागून कापून पुन्हा आटे पाडा आणि चेंबर नव्याने कोरा.

अमेरिकी नौदलाने १९६० च्या दशकात आपल्या गॅरंड ७.६२ नाटोसाठी बदलून घेतल्या तेव्हा आधी पहिला उपाय केला. जुन्या चेंबरमध्ये पोलादी बुश, म्हणजे छोटे नळकांडे, बसवले, म्हणजे १२ मिलिमीटरची जास्तीची जागा भरून निघाली. कागदावर यापेक्षा स्वस्त काही नाही, नळी तीच, रायफल तीच. पण गोळी उडते तेव्हा पुंगळी फुगून भिंतीला चिकटते आणि क्षणभराने आकडा तिला जोराने मागे ओढतो. चिकटलेल्या पुंगळीबरोबर बुश सुटून येण्याचे प्रकार होऊ लागले. बुश निघाले आणि सैनिकाच्या ते ध्यानात आले नाही, तर पुढचे काडतूस त्याच्यापेक्षा लांब पोकळीत उडणार. शेवटी नौदलाने नव्या नळ्या बसवायला सुरुवात केली. तिथे आणखी एक छोटी, शहाणी गोष्ट केली होती: मॅगझिनच्या पुढच्या बाजूला एक ठोकळा बसवला, म्हणजे जुनी लांब काडतुसे आत मावणारच नाहीत. दोन्ही प्रकारची काडतुसे एकाच जहाजावर असण्याचा काळ होता आणि अंधारात क्लिपा सारख्याच दिसतात. रायफल सुधारताना ती वापरणाऱ्याच्या हातून होऊ शकणारी चूकही सुधारावी लागते, हे त्या ठोकळ्यात दिसते.

बेरेटाने भरण्याच्या वाटेला जाण्याऐवजी नळीला हात घातला. त्यांच्या सुरुवातीच्या रायफली अमेरिकी गॅरंडच्याच भागांतून बनल्या, चेंबर नव्याने पाडलेल्या नळ्यांसकट. या कामामागे डोमेनिको साल्झा आणि व्हित्तोरिओ व्हाले हे बेरेटाचे अभियंते होते. नळी गॅरंडच्या ६१० मिलिमीटरवरून सुमारे ४९० वर आली. खालच्या बाजूला वीस काडतुसांचे, काढता येणारे मॅगझिन आले. वरून पट्टीने काडतुसे भरण्याची सोयही ठेवली, म्हणजे मॅगझिन न काढता ते पुन्हा भरता येई. चापाच्या जुळणीत सलग गोळीबाराची निवड आली. नळीच्या तोंडाला एक लांब जोडणी बसवली, जी ज्वाळा लपवते, झटका आवरते आणि रायफल-ग्रेनेड सोडायलाही चालते. ग्रेनेडची दृष्टी, म्हणजे नेम धरायची पट्टी, उभी केली की वायूचा मार्ग आपोआप बंद होतो, म्हणजे सगळा दाब ग्रेनेडच्या वाट्याला जातो. पुढे दोन पायांचा टेकू आला. हातमोजे घालून चाप ओढता यावा म्हणून एक वेगळा हिवाळी चापही होता. आल्पिनी, म्हणजे पहाडी पलटणींसाठी, दुमडता येणाऱ्या दस्त्याची आवृत्ती निघाली. छत्रीधारी सैनिकांसाठी आणखी एक.

१९५९ मध्ये इटलीच्या सैन्याने ती स्वीकारली, म्हणून बीएम ५९.

या यादीकडे पुन्हा पाहिले तर ध्यानात येते की बदल सगळे कडेकडेने झाले आहेत: तोंडाशी, पोटाशी, दस्त्याशी, चापाशी. मध्ये गॅरंड बसली आहे, तिच्या दट्ट्यासकट, फिरणाऱ्या बोल्टसकट. ज्या गोष्टीने नॉर्मंडीच्या चिखलात आणि कोरियाच्या थंडीत काम दिले होते, तिला बेरेटाने शक्य तितके जपले. या संयमाचे मला फार अप्रूप वाटते. हातात अभियंते आणि कारखाना असताना 'हेही बदलू' म्हणण्याचा मोह आवरणे सोपे नसते.

तोच प्रश्न, अमेरिकेचे उत्तर

तुलनेला अमेरिका हाताशी आहे, कारण तिनेही गॅरंडच सुधारायला घेतली होती. टी २० पासून सुरुवात, मग एकामागून एक प्रयोग, शेवटी टी ४४. तिची एफएएलशी चाचणी झाली आणि १९५७ मध्ये टी ४४ जिंकून एम १४ झाली. गॅरंडवर हात घातल्यापासून तेरा वर्षे.

एम १४ मध्ये गाभाही बदलला होता. वायू घेण्याची जागा तोंडापासून मागे सरकवली, दट्ट्याची चाल आखूड केली, बोल्टला घर्षण कमी करणारे छोटे चाक लावले. यांतली प्रत्येक सुधारणा खरीखुरी होती आणि काही तर सुंदर होत्या. टी ४४ च्या बाजूने एक मोठा मुद्दा असाही मांडला गेला होता की ती गॅरंडच्याच यंत्रांवर बनेल, म्हणून स्वस्त पडेल आणि लवकर मिळेल. प्रत्यक्षात ते घडले नाही. गाभा बदलला की मापे बदलतात, मापे बदलली की जिग (घडताना भाग धरून ठेवणारे साचे) आणि गेजे बदलतात, आणि मग जुनी यंत्रे नावापुरती उरतात. उत्पादन रखडत गेले. १९६१ मध्ये बर्लिनचा पेच उभा राहिला तेव्हाही पुष्कळ अमेरिकी सैनिकांच्या हातात जुनी गॅरंडच होती.

त्यावर अपेक्षांचे ओझे होते. एकट्या एम १४ ने गॅरंड, कार्बाइन, सबमशीनगन आणि बार ही हलकी मशीनगन अशा चौघांची जागा घ्यावी, असे ठरले होते. ७.६२ चे काडतूस चार-साडेचार किलोच्या रायफलीतून सलग सोडले की नळी आकाशाकडे जाते. तो भौतिकीचा नियम आहे, त्यावर हुकूम चालत नाही. बहुतेक एम १४ ला पुढे सलग गोळीबाराची सोय बंद करूनच सैनिकांना दिले गेले. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांच्या काळात, १९६३ मध्ये उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर झाला. तोवर सुमारे १३ ते १४ लाख नग झाले होते. दशक संपण्याआधी तिच्या जागी एम १६ ही नवी रायफल आली.

बीएम ५९ लाही सलग गोळीबार आवरत नव्हता, हे लपवण्यात अर्थ नाही. मिनिटाला ७५० ते ८०० च्या वेगाने वीस काडतुसे दीड सेकंदात संपतात. तोंडाशी बसवलेली जोडणी थोडी मदत करते, चमत्कार करत नाही. वजनाचेही तेच. गॅरंड साधारण ४.३ किलो, बीएम ५९ साधारण ४.४. नळी १२ सेंटिमीटरने आखूड होऊनही रायफल हलकी झाली नाही, कारण तोंडाची जोडणी, टेकू आणि ग्रेनेडची दृष्टी यांनी वाचलेले सगळे वजन परत घेतले. त्यावर भरलेल्या मॅगझिनांचा भार. डोंगर चढणाऱ्या माणसाला याची किंमत पावलोपावली मोजावी लागते. ग्रेनेडची सोय प्रत्येक रायफलीवर लादायची गरज होती का, याबद्दल मला शंका आहे. माझ्या मते सुधारणेतला हाच एक भाग हव्यासाकडे झुकला.

निर्णयाचा हिशेब

एवढे उणे असूनही निर्णय मला बरोबर वाटतो आणि त्याचे कारण इटलीच्या नेमक्या परिस्थितीत आहे. हीच रायफल दुसऱ्या देशाने याच वर्षी सुधारायला घेतली असती तर ते चूक ठरू शकले असते.

इटलीत यंत्रे स्वतःची होती आणि ती गॅरंडच्या मापांवर बसलेली होती. गाभा न बदलल्यामुळे रिसीव्हर, बोल्ट, दट्ट्याचा दांडा यांची घडण ओळखीचीच राहिली. अमेरिकेत जे वचन फसले तेच इटलीत खरे ठरले, कारण इटलीने वचन पाळायला लागेल तेवढाच बदल केला. शिवाय एफएएल घेतली असती तर परवाना नवा, यंत्रे नवी, सुटे भाग नवे, आर्मररची शाळा पुन्हा पहिल्या इयत्तेपासून. रायफलीची किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर दिसते त्याहून किती तरी मोठी असते. ज्याला ती मध्यरात्री कंदिलाच्या उजेडात उघडून नीट करायची आहे त्याचा हात कुठे सरावलेला आहे, हा त्या किमतीचा भाग आहे.

सुधारणेच्या बाजूने बोलताना जे सहसा झाकले जाते तेही सांगायला हवे. जुन्या धातूला वय असते. हजारो गोळ्या झेललेल्या रिसीव्हरवर नवी नळी बसवली म्हणून रिसीव्हर नवा होत नाही. प्रत्येक नग स्वतंत्रपणे तपासावा लागतो: बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाच्या बुडामागे उरणारी जागा मापात आहे का, कानांवर झीज आहे का, दांडा वाकला आहे का. पन्नासातल्या पाच रायफली या तपासणीत गळणार असतील तर त्या गळू द्याव्या लागतात. त्या ओढूनताणून पुढे नेल्या तर सुधारणेचा सगळा नफा एका अपघातात जातो. इटलीला दुसरा आधार होता: चालू कारखान्यामुळे नवे रिसीव्हर घडवता येत होते. ज्याच्यापाशी फक्त जुना साठा आहे आणि कारखाना नाही, त्याने बीएम ५९ चे उदाहरण जपून वापरावे.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. कापलेला रिसीव्हर, कापलेली नळी परत गॅरंड होत नाही. डेन्मार्कनेही इटलीत बनलेल्या गॅरंड वापरल्या होत्या आणि पुढे जर्मन जी ३ घेतली. डेन्मार्ककडच्या अनेक गॅरंड दशकांनंतर अमेरिकेत परतल्या आणि तिथल्या नेमबाजीच्या सरकारमान्य कार्यक्रमातून सामान्य नेमबाजांपर्यंत पोहोचल्या. आज त्या जशाच्या तशा आहेत म्हणून लोक त्यांना जपतात. उलट बीएम ५९ चे सुटे भाग अमेरिकेत पोहोचले तेव्हा ते जोडण्यासाठी काही कारागिरांनी चांगल्या गॅरंडचे रिसीव्हर कोरले. सैन्यासाठी १९५९ मध्ये हा सौदा शहाणपणाचा होता, कारण तेव्हा गॅरंड म्हणजे कामाचे अवजार होते आणि ते ढिगाने होते. आज एखाद्याच्या हाती मूळ रूपातली एकच जुनी रायफल असेल आणि तो तिला नवे रूप द्यायच्या विचारात असेल, तर तराजूचे पारडे फिरलेले असते. त्याच्यासाठी नवी रायफल बाजारात आहे, मूळ गॅरंड पुन्हा बनणार नाही. मी त्याला कापू नकोस असेच सांगेन. उघडून साफ कर, थकलेली स्प्रिंग बदल, तिला साजेशा दाबाचे काडतूस वापर, कारण जास्त जड गोळीने आणि मंद जळणाऱ्या दारूने तिचा लांब दांडा वाकू शकतो. याहून जास्त सुधारणा तिला नको आहे.

तीस वर्षांनी तोच प्रश्न

१९८० मध्ये नाटोने दुसरे काडतूस मान्य केले, ५.५६ बाय ४५. इटलीपुढे पुन्हा तीच वेळ आली. सैन्याकडे बीएम ५९ होत्या, त्या सवयीच्या झाल्या होत्या, कारखाना तोच होता. मग पुन्हा सुधारणा का नाही?

उत्तर पुन्हा बुडापाशी सापडते. ५.५६ च्या पुंगळीचे बूड सुमारे ९.६ मिलिमीटरचे, जुने १२ चे. बोल्टचे तोंड बदलावे लागले असते, आकडा बदलावा लागला असता. काडतूस निम्म्या वजनाचे आणि त्याची ताकदही कितीतरी कमी, तेव्हा गॅरंडचा जड दांडा आणि लांब दट्ट्या हलवायला वायूचे सगळे गणित नव्याने मांडावे लागले असते. मॅगझिन, रिसीव्हरचे तोंड, नळी, सगळेच वेगळे. एवढे करून हाती आली असती ती हलक्या काडतुसाची साडेचार किलोची रायफल, म्हणजे हलक्या काडतुसाचा सगळा फायदा वाया. १९५९ मध्ये गाभा तसाच ठेवून कडा बदलता आल्या होत्या. आता कडा ठेवून गाभा बदलायची वेळ होती.

इटलीने त्या वेळी जुन्या रायफलीला हात लावला नाही. बेरेटाने एआर ७०/९० ही सर्वस्वी वेगळी रायफल दिली आणि १९९० मध्ये सैन्याने ती स्वीकारली. बीएम ५९ गोदामात गेल्या, त्यांच्या पोटातल्या गॅरंडच्या बोल्टसकट.